पिकासातली नावं न गमावता ४७ हजार फोटो कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये हलवू?

मृण्मयी_गावभाग

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

बाबा झेडपीच्या शाळेतून रिटायर झाले तेव्हा भावाने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला आणि त्यावर पिकासा (गूगलचं फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर) टाकून दिलं. तेव्हापासून म्हणजे २०१२ पासून बाबांनी घरातले सगळे फोटो त्यात लावायला घेतले. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला, पाणी आमच्या माडीच्या जिन्यापर्यंत चढलं, खालच्या कपाटातले अल्बम दोन दिवस पाण्यात होते. पानं एकमेकांना चिकटलेली. आई-बाबांनी एकेक फोटो सोडवून दोरीवर वाळत घातला आणि नंतर वर्षभर बसून सगळे स्कॅन केले, आणि नुसते स्कॅन नाही, पिकासात प्रत्येक चेहऱ्याभोवती चौकोन करून त्याला नाव दिलं. आजीला शेजारी खुर्चीवर बसवायचे आणि विचारायचे, ही कोण, हा कोणाचा, ही कुठल्या गावाला दिली.

आजी २०२२ ला गेली. बाबा गेल्या दिवाळीनंतर गेले. मिरजेच्या एका लग्नाचा ग्रुप फोटो आहे, साधारण १९६० चा, त्यात एकतीस माणसं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांची नावं आज जगात फक्त त्या एका पीसीवर आहेत, मी कोणाला फोन करून विचारू म्हटलं तरी विचारायला माणूस उरलेलं नाही.

आता प्रश्न. तो पीसी विंडोज ७ चा आहे, चालू व्हायला दहा मिनिटं घेतो आणि मधेच बंद पडतो. माझ्याकडे नवा लॅपटॉप आहे, विंडोज ११, १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी. एकूण फोटो ४७ हजार, ३१० जीबी, त्यात बाबांचे स्कॅन ३२०० च्या आसपास, माझ्या निकॉनच्या सहाएक हजार एनईएफ (कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या) फाइली, बाकी फोनचे आणि व्हॉट्सॲपचे. दुकानात विचारलं तर तो म्हणाला फोल्डर कॉपी करा सगळं येतं. मी २०० फोटो पेनड्राइव्हवरून आणून बघितले, फोटो आले पण नावं एकाचंही नाही. तेव्हापासून धास्ती बसलीय.

मला हवंय ते एवढंच की नावं टिकली पाहिजेत, मराठीत टॅग टाकता आले पाहिजेत, आणि थोडंफार एडिटिंग जमलं पाहिजे कारण जुने कलर फोटो पार तांबडे पडलेत. एकदाच पैसे द्यायला तयार आहे, दरमहा नको वाटतं पण इलाजच नसेल तर तेही करीन.

दप्तरखाना

मृण्मयीताई, आधी एक गोष्ट ऐका, त्या पीसीवर काहीही डिलीट करू नका, विंडोज अपडेट करू नका, आणि कोणालाही फॉरमॅट मारू देऊ नका. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, आमच्याकडच्या जुन्या फोटोंचं हेच काम केलंय, तुमची नावं बहुतेक सगळी परत मिळतील. घाबरू नका.

पेनड्राइव्हवर नावं का आली नाहीत ते सांगतो. पिकासाने फोटोच्या फाइलला हात न लावता काम केलंय. प्रत्येक फोल्डरमध्ये पिकासा डॉट आयएनआय नावाची एक लपलेली फाइल असते, त्यात कुठल्या फोटोत कुठे चौकोन आहे आणि त्या चौकोनाचा एक लांबलचक कोड एवढंच असतं. त्या कोडचा माणूस कोण हे वेगळ्या ठिकाणी, कॉन्टॅक्ट्स नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये असतं आणि ती फाइल फोटोंच्या फोल्डरमध्ये नसतेच, ती युजरच्या ॲपडेटा, लोकल, गूगल, पिकासा२ अशा आतल्या फोल्डरमध्ये असते. म्हणजे चौकोन एकीकडे आणि नावं दुसरीकडे. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे नुसते फोटो उचलले असते आणि पीसी भंगारात दिला असता तर नावांची यादी गेली असती.

तेव्हा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा एक एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, १ टीबीची बास. विंडोजमध्ये लपलेल्या फाइली दिसतील असं सेटिंग करा आणि फोटोंचे सगळे फोल्डर जसेच्या तसे कॉपी करा, शिवाय तो पिकासा२ फोल्डर आणि त्याच्या शेजारचा पिकासा२अल्बम्स हा फोल्डरही पूर्ण कॉपी करा. ही तुमची मूळ प्रत. ती डिस्क कपाटात ठेवून द्या, तिच्यावर पुन्हा काही लिहायचं नाही.

नंतर त्याच जुन्या पीसीवर, त्याच पिकासात, बाबांच्याच लॉगिनमध्ये नावं फोटोच्या आत लिहून घ्या. व्हर्जन ३.९ असेल तर टूल्स मेनूत एक्सपेरिमेंटल म्हणून आहे, त्यात राइट फेसेस टू एक्सएमपी असा पर्याय आहे, एक्सएमपी म्हणजे फोटोबरोबर राहणारी माहिती लिहायची पद्धत. ऑप्शन्समध्ये नेम टॅग्जखाली नावं फोटोत साठवा अशी खूण करायची सोयपण आहे पण तुम्हाला आधीच्या सगळ्यांची हवीत, म्हणून एक्सपेरिमेंटलवालाच वापरा. रात्री लावून झोपा. जेपेगमध्ये नाव लिहिल्याने फोटो खराब होत नाही, चित्राचा भाग पुन्हा दाबला जात नाही, फक्त फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत भर पडते. बदललेली तारीख मात्र आजची दिसेल, ती फाइलची तारीख, फोटोची नव्हे.

आणखी एक राहिलं. बाबांनी पिकासात फोटो कापले असतील, उजळ केले असतील आणि सेव्ह दाबलं नसेल तर तेही फक्त त्या आयएनआय फाइलमध्येच आहे, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फोटोच दिसेल. जिथे सेव्ह दाबलंय तिथे मूळ फोटो पिकासाओरिजिनल्स नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो, तो फेकू नका.

हे झालं की मग सॉफ्टवेअर. माझं मत डिजिकॅम. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि मुख्य म्हणजे पिकासाने एक्सएमपीत लिहिलेले चेहऱ्यांचे चौकोन ते नावासकट वाचतं. गूगलने पिकासा मार्च २०१६ मध्ये बंद केलं, म्हणजे तुमचे बाबा बंद पडलेल्या सॉफ्टवेअरवर आणखी कितीतरी वर्षं काम करत होते आणि ते चाललं. उद्या डिजिकॅम बंद पडलं तरी नावं फोटोच्या आत असतील तर पुढचं सॉफ्टवेअर ती वाचेल. मी कुणालाही सॉफ्टवेअर सुचवताना हीच एक गोष्ट बघतो, बाकी बटणं कुठे आहेत ते महिन्याभरात हाताला कळतं.

बबन्या_०७

एवढं कशाला, गूगल फोटोजमध्ये टाका, चेहरे आपोआप ओळखतं, फोनवर पण दिसतं.

लेन्सवाला_नाशिक

बबन्या भाऊ, ३१० जीबी आहेत. १ जून २०२१ पासून फुकट अमर्याद जागा बंद झाली, १५ जीबी मिळतात तेही जीमेल आणि ड्राइव्ह धरून. पैसे देऊन ठेवता येतील, ठीक आहे, एक जादा प्रत म्हणून मीपण म्हणेन ठेवा, नातेवाइकांना बघायला छान आहे. पण तिथे दिलेली नावं फोटो परत उतरवताना फोटोच्या आत चौकोनासकट लिहून येत नाहीत, आणि ताईंचा सगळा प्रश्न तोच आहे.

ताई, मी लग्नाचे फोटो काढतो, सीझनला एका लग्नाचे चार-साडेचार हजार फोटो होतात, पंधरा वर्षं अडोबीच्या लाइटरूमवर (फोटो लावायचं आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर) आहे. तुमच्या एनईएफसाठी मला तरी लाइटरूम क्लासिकइतकं सरळ काही वाटत नाही, एका हॉलमधल्या उजेडातल्या एका फोटोचा रंग लावला की तीनशे फोटोंना तोच लागतो, हे काम बाकीचेही करतात पण हात इथे बसलाय. पैसे मात्र दरमहा. एकदाच विकत घ्यायचं शेवटचं लाइटरूम ६ होतं, २०१५ चं, आता ते मिळत नाही. भाडं थांबवलं तर क्लासिक उघडतं, फोटो बघता येतात, टॅग दिसतात, पण डेव्हलप, म्हणजे एडिटिंग, बंद होतं.

आणि एक सवय कुठल्याही सॉफ्टवेअरला लावा. लाइटरूम सगळं त्याच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या नोंदींच्या फाइलमध्ये ठेवतं. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये बदल आपोआप एक्सएमपीत लिहा अशी खूण आहे ती करा, नाहीतर फोटो निवडून कंट्रोल एस. मी सुरुवातीची चार वर्षं हे केलं नव्हतं, हार्डडिस्क गेली, फोटो बॅकअपमध्ये होते पण कॅटलॉग नव्हता. चार वर्षांचं स्टार देणं, निवडणं, रंग लावणं सगळं परत. म्हणून दप्तरखाना काका म्हणतायत ते अगदी खरं आहे.

तुमच्यासाठी दरमहा पैसे देण्याइतकं काम दिसत नाही मला. डिजिकॅमवरच जा. फक्त एनईएफच्या आत काही लिहू नका, शेजारी एक्सएमपीची वेगळी फाइल होऊ द्या. पुढे कधी लाइटरूमकडे यायचं झालं तर नावात फरक आहे, लाइटरूम फोटोचं नाव डॉट एक्सएमपी असं ठेवतं आणि डिजिकॅम त्या दोन्हींच्या मधे एनईएफ हा शब्दपण ठेवतं, त्याला लाइटरूमसारखं नाव ठेवायचं सेटिंग आहे, ते सुरुवातीलाच ठरवा.

मृण्मयी_गावभाग

काका, दादा, दोघांचे किती आभार मानू. गेले नऊ दिवस हेच करतेय म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

पिकासा ३.९ च निघालं. मूळ प्रत घेऊन डिस्क आईच्या कपाटात ठेवलीय. मग एक्सपेरिमेंटलमधून नावं लिहायला लावली, पीसी दोनदा मधेच बंद पडला, परत लावलं, तिसऱ्या रात्री पूर्ण झालं. लॅपटॉपवर डिजिकॅम टाकलं, फोटो एक्स्टर्नल डिस्कवर ठेवले आणि डेटाबेस लॅपटॉपच्या एसएसडीवर. पहिल्यांदा उघडल्यावर ते चेहरे ओळखायच्या फाइली डाउनलोड करायला विचारतं, बऱ्याच मोठ्या आहेत, वायफायवर करा.

आणि डावीकडे पीपल म्हणून जे आहे त्यावर क्लिक केलं तर खाली नावांची रांगच रांग. बाबांनी लिहिलेली, बाबांच्या पद्धतीने. "आक्का (कवठेमहांकाळ)", "वत्सूमावशी", "गोडबोले मास्तरांचे जावई". मी आईला हाक मारली, ती चष्मा घेऊन आली आणि आम्ही दोघी रात्री दीड वाजेपर्यंत बसलो होतो.

आता दोन अडचणी आहेत. एक म्हणजे काही ठिकाणी मी टाकलेला मराठी टॅग अर्धाच दिसतो. "नरसोबाची वाडी दत्तजयंती उत्सव" असा टाकला होता, तो दुसऱ्या एका जुन्या व्ह्यूअरमध्ये उघडला तर "नरसोबाची वाडी दत्तजयंत" एवढाच आणि पुढे एक चौकट. फॉन्टचा प्रॉब्लेम आहे का? छोटे टॅग नीट दिसतात. दुसरं म्हणजे सगळे स्कॅन २०१९-२० च्या तारखेला दिसतात कारण स्कॅन तेव्हा केले, टाइमलाइनला काही अर्थच राहत नाही.

अनुस्वार

फॉन्टचा नाही, हा बाइटांचा हिशोब आहे, मी मराठी टायपिंगच्या कामात आहे त्यामुळे हा मला नेहमी भेटतो.

फोटोच्या आत टॅग लिहायच्या दोन जागा आहेत. एक जुनी, आयपीटीसीची, बातम्यांच्या एजन्सींनी ठरवलेली, तिच्यात एका कीवर्डला ६४ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे त्यांना ६४ अक्षरं पुष्कळ झाली. देवनागरीत यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे "ची" ला सहा बाइट. तुमचा टॅग मोजला, एकूण ८१ बाइट होतात. "दत्तजयंत" पर्यंत ६२ झाले, उरलेल्या दोन बाइटांत पुढची वेलांटी बसत नाही, तीच ती चौकट.

दुसरी जागा एक्सएमपीची, ती २००१ मध्ये आली, तिथे असली मर्यादा नाही. तुमचा पूर्ण टॅग तिथे शाबूत असणार, फक्त तो जुना व्ह्यूअर जुन्या जागेतून वाचतोय. डिजिकॅममध्ये बघितलंत तर पूर्ण दिसेल. तरीपण माझा सल्ला, टॅग छोटे ठेवा आणि एकात एक बसवा, ठिकाण या टॅगखाली "नरसोबाची वाडी", प्रसंग या टॅगखाली "दत्तजयंती". शोधायलाही तेच सोपं पडतं, सगळ्या दत्तजयंत्या एकदम निघतात. लांब मजकूर लिहायचा असेल, म्हणजे आजीने सांगितलेली गोष्ट वगैरे, तर ती कॅप्शनमध्ये लिहा.

फोल्डरच्या नावात मात्र मी तारीख इंग्रजी आकड्यात ठेवते, आधी वर्ष मग महिना मग दिवस, आणि नंतर मराठी नाव. इंग्रजी आणि मराठी आकडे मिसळले की रांग बिघडते, काही फोल्डर पार खाली जाऊन बसतात.

दप्तरखाना

तारखेचं सांगतो. डिजिकॅममध्ये टाइम अ‍ॅडजस्ट आहे, फोटो निवडायचे आणि तारीख द्यायची, एकावेळी कितीही. साल माहीत आहे पण दिवस नाही अशा फोटोंना आम्ही त्या सालची १ जानेवारी द्यायचो आणि "तारीख अंदाजे" असा टॅग लावायचो. हा टॅग विसरू नका, नाहीतर वीस वर्षांनी कोणीतरी म्हणेल की तुमच्या घरात सगळी लग्नं १ जानेवारीला झाली. प्रिंटच्या मागे काही लिहिलेलं असेल, स्टुडिओचा शिक्का असेल तर पाठीचाही फोटो काढून ठेवा, ते सालाचा उत्तम पुरावा असतं.

व्हॉट्सॲपच्या फोटोंमध्ये कॅमेऱ्याची माहिती उडालेली असते पण फाइलच्या नावात तारीख असते, टाइम अ‍ॅडजस्ट ती नावावरून उचलू शकतं. ती फोटो आल्याची तारीख आहे, काढल्याची असेलच असं नाही. यापुढे नातेवाइकांकडून मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग मूळ फाइल येते.

रिंगण

एडिटिंगबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी दरवर्षी वारीत आळंदी ते सासवड फोटो काढतो आणि सगळं डार्कटेबलवर करतो. फुकट आहे, एनईएफ छान उघडतं, मूळ फाइलला हात लावत नाही. सुरुवातीला मॉड्यूलची एवढी मोठी यादी बघून माणूस बिचकतो पण मी सात वर्षांत त्यातली पाच-सहाच वापरलीत, एक्स्पोजर, रंगाचं कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, लेन्स करेक्शन आणि रात्रीच्या फोटोंना डीनॉइज. दिवे घाटातला पांढरा उजेड आणि त्यात पांढरेच सदरे, पांढऱ्याच टोप्या, तिथे रॉ फाइलमधून जेवढं परत काढता येतं तेवढं जेपेगमधून निघत नाही. यूट्यूबवर शिकताना व्हिडिओचं साल बघून घ्या, जुने व्हिडिओ जुन्या पद्धतीने शिकवतात आणि गोंधळ होतो.

तांबड्या पडलेल्या प्रिंटना डार्कटेबल नको, जिंप हे फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर घ्या. जुन्या कलर प्रिंटमधला निळसर रंगद्रव्याचा थर आधी उडतो म्हणून बाकीचा तांबडा उरतो. जिंपमध्ये लेव्हल्स उघडा आणि लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल एकेक करून घ्या, आलेखाचा डोंगर जिथे सुरू होतो आणि संपतो तिथे दोन्ही टोकांचे त्रिकोण आणा. नव्वद टक्के काम तिथेच होतं. घाई असेल तर रंगांच्या मेनूत ऑटो व्हाइट बॅलन्स आहे, एकदा दाबून बघा. पुराच्या पाण्याचे डाग हील टूलने. दुरुस्त केलेला फोटो वेगळ्या नावाने ठेवा, स्कॅनवर सेव्ह करू नका.

आणि एक कळकळीने सांगतो, हल्ली एआयने जुना फोटो एका क्लिकमध्ये स्पष्ट करून देणारी ॲप आलीत, ती या फोटोंवर वापरू नका. माझ्या पणजोबांचा धूसर फोटो मी एकात टाकला, डोळे-नाक सगळं लख्ख आलं आणि आत्या म्हणाली हा कोण माणूस. फोटोत जे नव्हतं ते त्याने स्वतःच्या मनाने भरलं होतं. धूसर असला तरी तो त्यांचाच चेहरा आहे.

लेन्सवाला_नाशिक

रिंगणदादांना शंभर टक्के अनुमोदन, एआयच्या बाबतीत तर दोनशे.

ताई, डिजिकॅममध्ये सेटिंग्जमध्ये मेटाडेटाखाली चेहऱ्यांचे टॅग फाइलमध्ये लिही अशी खूण केलीत का ते बघा. ती नसेल तर यापुढे तुम्ही आणि आई जी नवी नावं द्याल ती परत डेटाबेसमध्येच अडकतील. आणि आईच्या कपाटातली प्रत सांगलीत, तुमची लॅपटॉपबरोबर, तर तिसरी दुसऱ्या गावात कोणाकडे तरी ठेवा. पूर बघितलेल्या घराला हे मी काय सांगू.

मृण्मयी_गावभाग

खूण नव्हती केलेली! आत्ता केली आणि गेल्या आठवड्यात दिलेली नावं निवडून फोटोत लिहून घेतली. तिसरी डिस्क भाऊ रविवारी ठाण्याला घेऊन जातोय.

अनुस्वारताई, टॅग आता ठिकाण, प्रसंग, घराणं असे तीन फांद्यांत लावतेय. एनईएफना अजून हात लावलेला नाही, ते नंतर, डार्कटेबल उतरवून ठेवलंय. जिंपमध्ये लेव्हल्स केले, आईच्या डोहाळजेवणाच्या फोटोतली हिरवी साडी पुन्हा हिरवी झाली, आई म्हणाली हिरवी नव्हे ती, पोपटी होती, मग परत बसून पोपटी केली.

मिरजेच्या त्या ग्रुप फोटोत एकतीसपैकी बाबांनी चोवीस नावं दिली होती. डिजिकॅमने उरलेल्या सात चेहऱ्यांतल्या एकाला दुसऱ्या एका फोटोतल्या बाईशी जुळवून बघा असं सुचवलं, ती बाबांनी "कृष्णाबाई, आजीची चुलत बहीण" म्हणून लिहून ठेवलेली. आईने दोन्ही फोटो मोठे करून बराच वेळ बघितले, कानातल्या कुड्या त्याच आहेत म्हणाली. पंचवीस झाली. बाकीच्या सहांसाठी आई म्हणतेय की तासगावला एक नव्वदीच्या काकू आहेत, त्यांना दाखवून येऊ, तर शनिवारी लॅपटॉप घेऊन जातोय.